सोन्यात क्रोमियम नसते

दिनांक ७ फेब्रुवारी २०१९ रोजी सकाळी साडेदहाच्या सुमारास, कृत्रिम नीलम घडवणाऱ्या आमच्या कारखान्यात, भरणीच्या खोलीबाहेरील कपडे बदलण्याच्या दालनात, तेवीस वर्षे चार महिने सेवा झालेल्या एका कामगाराच्या बनियनला आतून शिवलेल्या कप्प्यातून एक सोन्याची अंगठी निघाली. त्याच दिवशी दुपारी चार वाजता तयार झालेल्या चौकशी अहवालात, लागोपाठ तीन भट्ट्यांतून निघालेल्या तीन गुलाबी स्फटिकांचे कारण म्हणून त्या अंगठीची नोंद करण्यात आली. चौकशीला एकंदर साडेपाच तास लागले. त्यात जेवणाची सुट्टी धरलेली आहे. अहवालाखाली पाच सह्या आहेत. चौथी माझी आहे.

ही नोंद असत्य आहे. ती रद्द करावी म्हणून मी अकरा पत्रे पाठवली. दहांची साधी पोचही आली नाही. अकराव्याला दोन ओळींचे उत्तर आले: "सदर प्रकरण यापूर्वीच बंद करण्यात आले आहे. तरी याविषयी पुन्हा पत्रव्यवहार करू नये." ज्यांनी प्रकरण उघडले त्यांनीच ते बंद केले. मधल्या मध्ये ज्याचे आयुष्य होते, त्याला कोणी काही विचारले नाही. ते आयुष्य कसे होते, हे मला ठाऊक आहे तेवढे येथे लिहिते.

त्यांना सगळे तांदूळकाका म्हणत. धुतल्या तांदळासारखा माणूस, असे कोणीतरी पूर्वी म्हणाले होते. पुढे धुणे गळाले आणि तांदूळ तेवढे उरले. नाव थट्टेने पडले होते हे त्यांना माहीत होते. हाक मारली की ते सावकाश मान वळवत, आणि हाक मारणाऱ्याचे हात आधी पाहत, मग तोंड. हात पाहण्याची ती सवय कामाने लागलेली होती.

ते काम कोणते, हे थोडे समजावून सांगणे भाग आहे. नीलम म्हटले की वाचकांच्या डोळ्यांपुढे निळा खडा येतो. आमचा नीलम पाण्यासारखा नितळ असतो, आणि तो तसा निघावा एवढ्याचसाठी सारा खटाटोप चालतो. चांगल्या मनगटी घड्याळाची ओरखडा न उमटणारी काच त्याची असते; दुकानातील खूणपट्टी, म्हणजे बारकोड, वाचणाऱ्या यंत्राची खिडकीही पुष्कळदा त्याचीच असते. तो अॅल्युमिना नावाच्या पांढऱ्या भुकटीपासून घडतो. भुकटी रबरी साच्यात दाबून तिच्या वड्या करायच्या, भाजायच्या, मुशीत रचायच्या. मूस भट्टीत ठेवून दोन हजार अंशांच्या वर तापवायची. सारे वितळले की वरून स्फटिकाचे एक लहानसे बी टेकवायचे, आणि अठरा दिवस वाट पाहायची. त्या बीभोवती स्फटिक धरत जातो. भट्टी उघडली की लहान घागरीएवढा गोळा हाती येतो.

या अठरा दिवसांत माणसाने करण्यासारखे फारसे काही नसते. जे बिघडायचे ते पहिल्याच दिवशी, भरणीत बिघडलेले असते. कळते मात्र अठराव्या दिवशी. म्हणून आमच्याकडे भुकटी 'पाच नऊ'ची लागते. शंभर टक्क्यांना कमी पडणारा अंश इतका लहान, की एक लाख कणांत परका कण एखादाच असावा. त्या एकात लोह असले तर गोळा पिवळट होतो, क्रोमियम असले तर गुलाबी. रत्नांच्या दुकानात याच रंगांचे कौतुक होते. आमच्याकडे तेच रंग भंगारात जातात.

तांदूळकाका मुशी भरत. ती भरणीची खोली त्यांची होती, म्हणजे तेवीस वर्षांत दुसरा माणूस तिथे फारसा गेला नाही. माणूस म्हणजे धूळ, असे आमच्या धंद्याचे मत आहे. केस, कातडी, कपड्याचे धागे, अंगाला लावलेली पावडर, डोक्याचे तेल, या सर्वांसह माणूस हिंडत असतो, आणि जितकी माणसे कमी तितका माल शुद्ध. या हिशेबाने एक हा आकडा सर्वांत चांगला ठरला, आणि तो एक म्हणजे ते. अंघोळ करून कामावर येणारे सगळेच असतात. कामावर येऊन अंघोळ करणारे ते एकटे होते. मिशी त्यांनी पहिल्याच वर्षी काढली. जेवायला बाहेर यायचे तर दोनदा कपडे बदलावे लागत, म्हणून कपडे बदलण्याच्या दालनातील बाकावर, खुंट्यांकडे तोंड करून ते डबा खात. आमच्या जेवणघरात त्यांची खुर्ची कधी नव्हतीच. खोलीच्या भिंतीत एक जाड काच होती आणि काचेखाली माल देण्याघेण्याची झडप होती. त्या काचेतून ते आम्हाला दिसत: डोक्यापासून पायापर्यंत पांढरे, फक्त डोळे उघडे. बोलायचे तर झडपेशी वाकावे लागे, म्हणून बहुतेक जण बोटांनी खुणा करून भागवत.

खोलीच्या दारावर एकवीस नियमांचा तक्ता होता. तो काकांनीच लिहिलेला. भाषा इतकी नेमकी होती की कार्यालयाने त्यातील एक शब्द बदलला नाही. चौथा नियम असा: 'धातूची कोणतीही वस्तू, ती कितीही लहान असो व कपड्यांच्या कितीही आत असो, या दाराच्या पलीकडे नेऊ नये.'

त्यांची आणखी एक रीत होती, जिच्यावर हे सारे प्रकरण फिरते. भुकटी काढायला ते प्लॅस्टिकचा पांढरा चमचा वापरत, आणि दर सोमवारी त्या चमच्याचे वजन करत. वजन वहीत लिहीत. चमचा किती हलका झाला ते पाहत.

एकदा मी झडपेतून विचारले, "काका, चमच्याला बाळसं धरतंय का बघता?"

"उलटं, बाई. रोडावतोय का बघतो."

"रोडावला तर?"

"तर तो गेला कुठे? मालात गेला. झिजलेलं जात नसतं कुठे, जागा बदलतं फक्त. हा चमचा भाजणीत जळून जातो म्हणून चालतं. तरी आपल्याला माहीत असावं, किती गेला ते."

मी त्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत विश्लेषक होते. रसायनशास्त्राची पदव्युत्तर परीक्षा मी पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालेली आहे. अकरावी नापास माणसाच्या तोंडून निघालेले हे वाक्य मला तेव्हा गमतीचे वाटले, आणि मी ते जेवणघरात नकला करून सांगितले.

त्यांच्या घरी मी दोनतीनदाच गेले. दोन खोल्या, जिना चढून डावीकडे, खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत. काकू बोलक्या होत्या, आणि घरात बोलणाऱ्या त्या एकट्याच असल्यामुळे दोघांच्या वाटचे बोलत.

"यांच्या अंगाला कशाचा वासच येत नाही," त्या मला म्हणाल्या होत्या. "घामाचा नाही, साबणाचा नाही. माणूस घरात आलाय की नाही हे कडी वाजल्याशिवाय कळत नाही. कामाला लागले त्या दिवशी बोटातली अंगठी काढून पेटीत ठेवली. मी म्हटलं, लग्न मोडलंत म्हणा की. तर म्हणतात, नियम आहे. म्हटलं, मग मीही बसते पेटीत."

"बसली नाहीस पण," काका कोपऱ्यातून म्हणाले.

"पेटी लहान पडली," काकू म्हणाल्या.

एक मुलगी होती. ती शिकली, दूरच्या शहरात घड्याळांना काचा बसवणाऱ्या कारखान्यात तपासनीस झाली. दर रविवारी अकरा वाजता तिचा फोन येई. काकू अर्धा तास बोलत आणि शेवटी फोन काकांच्या कानाला लावत. काका म्हणत, "बरं आहे ना? बरं." एवढेच त्यांचे बोलणे.

२०१६च्या ऑगस्टमध्ये काकू गेल्या. आजार तीन आठवड्यांचा. चौथ्या दिवशी काका कामावर हजर झाले, कारण एक मूस अर्धी भरून राहिली होती. त्यानंतर त्यांच्यात काही बदल झाला असे कोणाला जाणवले नाही. ज्या माणसाचे फक्त डोळे दिसतात, त्याच्यातला बदल दिसणार कसा, हा प्रश्न मला पुष्कळ उशिरा पडला. आधी ते बाकावर बसून बारा मिनिटांत जेवत. नंतर आठ मिनिटांत जेवू लागले. ही नोंद मी केली होती, पण तिचा अर्थ लावला नव्हता.

दोन वर्षांनी कारखान्याला नवे साहेब आले. शुद्धता हा त्यांचा आवडता शब्द होता. भाषणात तो शब्द आला की ते बोट वर करत. तोवर भुकटीचा नमुना काकाच देत: प्रत्येक पिंपातून चमचाभर, वेगळ्या बाटलीत, झडपेतून. साहेबांना हे अशास्त्रीय वाटले. चमचा वरवरचा माल घेतो, तळात काय आहे कोण जाणे. त्यांनी विजेवर फिरणारी, टोकाला मळसूत्र असलेली एक लखलखीत पोलादी नळी मागवली. ती पिंपात उभी सोडायची, बटण दाबायचे, की घट्ट बसलेल्या भुकटीतून ती गरगरत तळापर्यंत जाते आणि तीन थरांचे तीन नमुने घेऊन वर येते. पिंपे भरणीच्या खोलीत जाण्याआधी बाहेरच नळी चालवण्याचे काम प्रयोगशाळेकडे आले. मला ती नळी फार आवडली होती, हे येथे लिहिले पाहिजे.

तीनचार महिने काहीच घडले नाही. टोकावर कडक मुलामा होता तोवर घडणारही नव्हते. मग नोव्हेंबरात माझ्या यंत्रावर क्रोमियमचा आकडा हलू लागला. पुरवठादाराच्या दाखल्यावर दहा लाखांत शून्य दशांश एक, माझ्याकडे एक, कधी एक दशांश एक. मर्यादेच्या आतच होता तो, म्हणून मी माल पास केला. पण आकड्यांतल्या या फरकाने मला आनंद झाला. पुरवठादार दाखल्यावर सोयीचे आकडे घालतो, आणि माझे यंत्र त्याची लबाडी पकडते, अशी माझी समजूत झाली. मी त्याला एक कडक पत्रही धाडले. परीक्षकाचा हात स्वच्छच असणार, हे मी इतके गृहीत धरले होते की माल माझ्या हातात येईपर्यंतच्या वाटेकडे मी पाहिलेच नाही.

काकांनी पाहिले. एकदा नळी पिंपातून काढून मी पुसत होते, तेव्हा त्यांनी खुणेने झडपेशी बोलावले.

"बाई, हिचं वजन केलंत का?"

"कोणाचं?"

"नळीचं. टोकाचं."

"काका, पोलादाची आहे ती. तुमचा चमचा नाही, रोडावायला."

"पोलादापेक्षा ही भुकटी कडक, असं तुम्हीच मला शिकवलंत."

"शिकवलं ते विसरा आता. परीक्षा संपली तुमची."

ते हसले असावेत. डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या पडल्या. "बरं," म्हणाले. "पण टोकाची चकाकी गेलीय. गेली म्हणजे कुठेतरी गेलीच असणार. सोमवारी माझ्या चमच्याबरोबर करून टाकू वजन, वेळ नाही लागायचा."

"साहेबांना सांगू का, की तांदूळकाकांना नळी निवडायची आहे?"

"नको. राहू दे," ते म्हणाले, आणि वड्या रचायला वळले. तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. त्यांच्या जागी मी असते तर लेखी दिले असते. पण त्यांना लेखी तक्रार करण्याची सवय नव्हती, आणि मला ऐकून घेण्याची नव्हती.

पहिला गुलाबी गोळा डिसेंबरच्या अखेरीस निघाला. तळहाताच्या मधोमध असतो ना, तेवढाच फिका रंग. पुढच्या दोन भट्ट्यांतून आणखी दोन निघाले. कापणी खात्यातला कारागीर सर्वांदेखत म्हणाला, "तांदळाला रंग चढलाय. म्हाताऱ्याचं कुठे जमलंय का बघा." हशा पिकला. काका त्या दिवशी पहिल्यांदाच कापणी खात्यात आले होते. त्यांनी गोळ्यामागे दिवा धरायला सांगितला आणि पुष्कळ वेळ नुसते पाहत राहिले. कारागिराला अखेर अवघडल्यासारखे झाले. "काका, बसा की," तो म्हणाला. ते बसले नाहीत.

७ फेब्रुवारीला धातू शोधणारी दांडी घेऊन सुरक्षा अधिकारी कपडे बदलण्याच्या दालनात आले. साहेब होते, उत्पादनप्रमुख होते, कार्मिक खात्याचे गृहस्थ होते, मी होते. दांडी काकांच्या छातीशी आली आणि वाजली.

"काय आहे?" अधिकाऱ्यांनी विचारले.

"अंगठी."

"कोणाची?"

"बायकोची."

"मग त्यांची त्यांना देऊन यायची होती घरी."

"ती नाही आता."

मग साहेबांनी दाराकडे बोट केले. "चौथा नियम वाचलाय का तुम्ही?"

"मीच लिहिलाय तो," काका म्हणाले.

"किती दिवस चाललंय हे?"

"अडीच वर्षं."

त्यांनी कप्प्याची शिवण स्वतःच्या नखाने उसवली. अंगठी कापडात गुंडाळलेली होती, कापड प्लॅस्टिकच्या पिशवीत होते, पिशवीचे तोंड चिकटवलेले होते. त्यावर बनियन, त्यावर सदरा, त्यावर गळ्यापासून घोट्यापर्यंत बंद असलेला पांढरा पोशाख. एवढ्या आवरणांतून निमूट राहिलेल्या अंगठीने अडीच वर्षांनंतर एकाएकी तीन गोळे कसे रंगवले, हे पाचांपैकी एकानेही विचारले नाही. गोळा गुलाबी होतो तो क्रोमियमने. सोन्याच्या दागिन्यात चांदी असते, तांबे असते, क्रोमियम नसते. साहेबांना हे माहीत नसेल. मला माहीत होते. अहवालात 'धातुजन्य प्रदूषण' असा मोघम शब्द घातला होता, आणि मोघम शब्दाखाली सही करणे जड जात नाही. काकांनी नियम मोडला होता, तो त्यांनी कबूल केला होता, खाली मान घालून ते उभे होते. कबूल करणारा माणूस समोर असला की कारण शोधण्याचे कष्ट वाचतात. सगळे खापर त्यांच्या माथी फोडून आम्ही जेवायला गेलो.

त्यांना त्याच आठवड्यात कामावरून कमी केले. निवृत्तीला वर्षभर उरले होते. निरोप वगैरे झाला नाही. चमच्याच्या वजनांची वही त्यांनी झडपेत ठेवली आणि झडप आतून बंद केली.

आता नियतीचा विनोद पाहा. त्याच दिवसांत नळीचे टोक पिंपात अडकू लागले, म्हणून ती बाजूला पडली आणि नमुने पुन्हा प्लॅस्टिकच्या चमच्याने घेतले जाऊ लागले. पुढचे गोळे स्वच्छ निघाले. "अंगठी गेली, गुलाबी गेले," असे साहेब म्हणाले, आणि हे वाक्य साऱ्या कारखान्याच्या तोंडी झाले. पुढे ते कुठवर गेले ते येईलच.

एप्रिलच्या दोन तारखेला ते टोक धार लावायला बाहेर पाठवायचे होते. कोठारातल्या माणसाने पावतीवर लिहायला पार्सलचे वजन विचारले. मी टोक काट्यावर ठेवले: चारशे पाच दशांश एक ग्रॅम. खोक्यात बनवणाऱ्याचे कार्ड होते. त्यावर मूळ वजन छापलेले: चारशे बारा दशांश सहा.

साडेसात ग्रॅम. कोठारातला माणूस म्हणाला, "बाई, बरं वाटत नाही का? बसा." मीही बसले नाही.

त्या दिवशी एकाच पिंपातून मी दोन नमुने घेतले, एक चमच्याने, एक नळीने. चमच्याच्या नमुन्यात क्रोमियम पुरवठादाराने सांगितले होते तेवढेच, शून्य दशांश एक. नळीच्या नमुन्यात एक दशांश एक. न गंजणाऱ्या पोलादात क्रोमियम असतेच. शुद्धता मोजण्यासाठी आम्ही जे हत्यार घातले, त्यानेच माल नासवला होता, आणि जितकी अधिक मोजणी तितका अधिक नास.

दोन्ही कागद घेऊन मी काकांच्या घरी गेले. जिना, डावीकडचे दार. दुपारी तीनची वेळ, तरी ते बाहेर जाण्याच्या कपड्यांत खुर्चीत बसलेले होते. कुठे जायचे होते असे दिसत नव्हते. टेबल इतके स्वच्छ होते की कागद ठेवताना मला हात पुसावेसे वाटले. मी सगळे सांगितले. त्यांनी दोन्ही आकडे बोट ठेवून वाचले.

"म्हणजे अंगठी नव्हती," ते म्हणाले.

"नव्हती. अंगठीचा काही संबंध नव्हता."

ते खिडकीबाहेरच्या भिंतीकडे पाहू लागले.

"घरी ठेवली की दिवसभर एकटी पडायची," ते म्हणाले. "म्हणून नेत होतो. मला ठाऊक होतं चूक आहे. मग ते तीन गोळे निघाले. माल फुकट गेला त्याचं वाईट वाटलं, नाही असं नाही. पण बाई, तो रंग मी दिव्यावर पाहिला. मला वाटलं, तेवीस वर्षांत तिला त्या खोलीत येऊ दिलं नाही, ती आली एकदाची. तिनं रंगवले. नोकरी गेली तरी मला त्याचं फारसं काही वाटलं नव्हतं, ते यामुळे." त्यांनी कागद माझ्याकडे सरकवले. "आता तेही काढून नेलंत तुम्ही."

मी कागदांची घडी केली.

"अंगठी कुठे आहे?" मी विचारले.

"मुलीकडे पाठवली. इथे असली की हात तिकडेच जातो."

निघताना ते दारापर्यंत आले. "काढून नेलंत ते बरोबर केलंत," ते म्हणाले. "खोटं होतं ते. पण आता अर्धंमुर्धं नको. आधी ती नळी थांबवा. आणि मग जे आहे ते कागदावर आणा."

पहिली गोष्ट झाली. माझ्या दुसऱ्या पत्रानंतर, जूनमध्ये, पोलादी नळी जाऊन प्लॅस्टिकची आली. आदेशात कारण दिले होते: 'कार्यसुलभतेसाठी'. म्हणजे पत्र वाचले गेले होते आणि पटलेही होते. माल सुधारला, माणूस तसाच राहिला. ऑगस्टमध्ये मला प्रयोगशाळेतून जुन्या कागदपत्रांच्या विभागात हलवण्यात आले. तो अहवाल तिथेच, तिसऱ्या कपाटात आहे. तो मला रोज दिसतो आणि दुरुस्त करण्याचा अधिकार मला नाही.

गेल्या मार्चमध्ये मला एक फोन आला. काकांची मुलगी बोलत होती. तिच्या कारखान्यात कच्च्या मालाच्या शुद्धतेवर प्रशिक्षण होते. बाहेरून व्याख्याते आले होते. लोक पेंगू लागल्यावर त्यांनी एक गोष्ट सांगितली: एका कारखान्यात एक म्हातारा होता, मेलेल्या बायकोची अंगठी लपवून नेई, आणि त्या अंगठीने तीन नीलम गुलाबी झाले. पडद्यावर त्या अहवालाचे चित्रही होते. "प्रेमाचा रंग म्हणतात तो हा," असे ते म्हणाले, आणि सगळे हसले.

"मीही हसले, बाई," ती म्हणाली. "सुरुवातीला. मग चौथा नियम पडद्यावर आला. ती भाषा बाबांची आहे. अंगठी माझ्या बोटात होती. मी हात टेबलाखाली घेतला." मग तिने विचारले, "खरं आहे का ते?"

"नाही."

"मग तुमची सही कशी आहे त्याच्यावर? चित्राच्या खाली सह्या दिसत होत्या."

मी तिला नळीचे सांगितले, साडेसात ग्रॅमचे सांगितले, अकरा पत्रांचे सांगितले. तिने शेवटपर्यंत ऐकले.

"मी तुम्हाला नळीचं नाही विचारलं," ती म्हणाली. "सहीचं विचारलं."

फोन ठेवण्यापूर्वी ती म्हणाली, "ही गोष्ट बाहेर सांगतात, हे बाबांना कळू देऊ नका. ते अजून वाट पाहतायत, कागद बदलेल म्हणून; कोणता कागद, ते मला आता कळलं. दर रविवारी अकराला विचारतात, बाईंचा काही निरोप? पूर्वी नुसतं बरं म्हणायचे. आता तेवढं एक जास्त विचारतात."

काका आज त्रेसष्ट वर्षांचे आहेत. त्याच दोन खोल्यांत राहतात. मला त्यांना द्यायला निरोप नाही.

चौकशी अहवालावरची माझी सही मी या लेखाने मागे घेत आहे. उरलेल्या चार सह्या ज्यांच्या आहेत त्यांनी त्या मागे घ्याव्यात, अशी अपेक्षा मी आता धरत नाही. माझी मागणी वाचकांकडे आहे. आपण कारखान्यात असाल, शिकवणारे असाल, किंवा अशा एखाद्या व्याख्यानाला नुसते जाऊन बसणारे असाल, अंगठीची ही गोष्ट कधीतरी आपल्या कानावर येईल. ती आली की हसू नका. सांगणाऱ्याला मध्येच थांबवा, सर्वांदेखत, उभे राहून. त्याला विचारा की सोन्यात क्रोमियम कुठून आले. त्याला उत्तर देता आले नाही, तर तुम्ही त्याला नळीच्या टोकाचे वजन सांगा: आधी चारशे बारा दशांश सहा, नंतर चारशे पाच दशांश एक. आणि अशी गोष्ट जिथे थांबवली, ते मला कळवा. रविवारी अकराच्या आत कळवा.